सायकलवरचा कॅमेरा आणि पाव इंची बोल्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात हल्ली निम्म्या सायकलींना कॅमेरा दिसतो, छान आहे, पण कॅमेरा अडकवायच्या विकतच्या माउंटला हजारभर रुपये मोजायची खरंच गरज नाही हो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या बुडाला ट्रायपॉडचं भोक असतं, ते पाव इंची, इंचाला २० आटे, तसा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतो. मी जुन्या रिफ्लेक्टरचा क्लॅम्प घेतला, त्याला भोक पाडून बोल्ट घातला, नट आवळला, झालं. फक्त ६ एमएमचा बोल्ट घेऊ नका, दिसायला जवळपास सारखाच पण आटे वेगळे असतात, जोर लावून फिरवला की कॅमेऱ्याचे आटे गेलेच समजा. (एकदा गेलेत, घरी अजून ऐकतोय.)

खरी डोकेदुखी थरथरीची. खडकवासल्यापर्यंतचा पहिला व्हिडिओ पूर्ण जेलीसारखा हलत होता, मग हँडल आणि क्लॅम्पच्या मधे जुन्या ट्यूबचे दोन वेढे दिले आणि कॅमेरा हँडलच्या टोकाकडून मधे, हँडल ज्यात पकडलेलं असतं त्या स्टेमजवळ आणला, बराच फरक पडला. आणि कॅमेऱ्याला एक दोरी बांधून ती हँडलला अडकवाच, उतारावर नट सैल झाला तर मागून येणाऱ्याच्या चाकात जायचा.

हेल्मेटला भोक पाडून बोल्ट ठोकणारेही पाहिलेत, त्यांना मात्र हात जोडून सांगतो, नका करू राव, त्याने हेल्मेटच कमकुवत होतं.

आपला,
एक सायकलवाला, पुणे