पायऱ्या-१ चं काय झालं

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

"पायऱ्या-१ उघडला तर आमच्या जागी नुसता कातळ दिसतोय" एवढं लिहून तू गप्प बसलास. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. फोन केला असता तर "फोटो मिळाला का तेवढं बोल" म्हणून तू मला तोडलं असतंस, म्हणून हे पत्र. आधी तेवढंच सांगतो: हरवलेल्या सात फोटोंपैकी सहा मिळाले. सातव्याचं शेवटी येईल. मधलं गाळून खाली पळू नकोस, कारण त्यात माझा गुन्हा आहे आणि तो मला नीट कबूल करायचाय.

दिवाळीत तुझी जुनी डिस्क नव्या मॅकला लावून मी चकली खात खात "हलव" चालवलं, आठवतं ना? तो माझा पायथॉनमधला छोटासा प्रोग्रॅम. टर्मिनलवर आज्ञा द्यायची, की तो इकडच्या फायली तिकडे नेतो. तिकडे त्याच नावाची फाईल असली तर जुनीला हात लावायचा नाही, येणारीच्या नावाला "नवी" जोडायचं, हा त्याचा करार. शेवटी पडद्यावर आलं: ४१२ हलवल्या, ३८ नावं बदलली, चुका ०. मी कॉलर ताठ केली, तू चहा टाकलास. मोजल्या मात्र कुणीच नाहीत. आधी तिथे ३८८ होत्या, म्हणजे ८०० व्हायला हव्या होत्या. परवा तुला आकडा विचारला तर ७९३.

सात फायली गिळल्या आणि वर चुका शून्य! तुझ्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीशी ताडून नावं काढली: दऱ्या-१ ते ४, कऱ्हा-१, कऱ्हा-२, आणि तू स्वतःच कळवलेली ती पायऱ्या-१. एकाखाली एक लिहून तासभर बघत बसलो. तारखा पाहिल्या, आकार पाहिले, काही जुळेना. ही मागून डोकावली आणि म्हणाली, "सगळ्यांत तो कोयत्यासारखा र आहे की."

शाळेत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक शिकवताना बाईंनी तुलाच उभं केलं होतं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे पुरंदरच्या. तेव्हापासून तू शुद्धलेखनाचा पोलीस झालास, आणि फायलींची नावंही मराठीत, तीही शुद्ध. मी तुला किती वेळा म्हटलं असेन की फायलींना इंग्रजी नावं दे, कटकट नको. ते मागे घेतो. कटकट तुझ्या मराठीची नव्हती.

झालं असं. हा ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो ('तऱ्हा'सुद्धा त्यातलीच!). एक म्हणजे सबंध अक्षर, युनिकोडमधला (म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतला) क्रमांक ०९३१. दुसरी म्हणजे साधा र, ०९३०, आणि त्याच्या पायाशी नुक्ता, म्हणजे टिंब, ०९३सी. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच, आणि तुझ्या मॅकवर दिसतातही तंतोतंत सारखे. पण बाइट मोजले तर पहिल्याला तीन लागतात, दुसऱ्याला सहा. मराठीत रोज लागणाऱ्या बाकी कुठल्याच अक्षराला हा जोडधंदा नाही, म्हणून धबधबा, देऊळ, तटबंदी सगळे सुखरूप राहिले.

आता तुझ्या डिस्का. प्रत्येक डिस्कची फायली ठेवायची एक पद्धत असते. जुनीवर एचएफएस प्लस. ती नाव साठवतानाच फोडून ठेवते. तू सबंध ऱ टाइप केलास तरी तिच्या वहीत र आणि नुक्ता. नव्या मॅकवर एपीएफएस. ती दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपांना एकच मानते. आणि माझ्या घरी लिनक्सवर ईएक्सटी४. तिला अक्षरांशी देणंघेणं नाही, ती फक्त बाइट बघते, त्यामुळे तिथे दोन 'दऱ्या' शेजारी शेजारी सुखाने नांदतात. मी सगळ्या चाचण्या कुठे केल्या असतील, सांग.

गुन्हा पुढे आहे. प्रत्येक फाईलसाठी डिस्कला विचारायला वेळ लागतो म्हणून मी शहाणपणा केला होता. सुरुवातीलाच फोल्डरमधल्या नावांची यादी करून ठेवायची आणि नाव आधीपासून आहे का ते त्या यादीत आपलं आपणच बघायचं. यादीत होती सबंध ऱ ची पायऱ्या-१, हातात होती फोडलेल्या ऱ ची. प्रोग्रॅम म्हणाला, असं नाव नाही बुवा. एकाच डिस्कवर फाईल हलवणं म्हणजे दारावरची पाटी बदलणं, सामान जागेवरच. दोन डिस्का असल्या की तिकडे प्रत करून इकडची पुसावी लागते. त्यासाठी त्याने ते नाव लिहायला उघडलं. एपीएफएस म्हणाली, ही तर आपलीच पायऱ्या-१, या! आणि पायथॉनमध्ये 'डब्ल्यू' म्हणून फाईल उघडली की आतलं आधी साफ होतं. अशा रीतीने जेजुरीच्या पायऱ्यांवर राजगडाच्या पायऱ्या चढल्या.

पहिला उपाय केला तो चुकीचा. यादीतली आणि हातातली, दोन्ही नावं एका रूपात आणून मग ताडायची. सातही नावं पकडली गेली, मी खूश. मग सहज म्हणून 'कऱ्हा' इंग्रजीत दोनदा लिहिलं, एकदा कॅपिटल के ने, एकदा छोट्या. तुझ्या मॅकची डिस्क तेही एकच समजते. पुन्हा एक फाईल गिळली. त्यात र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह लावून तिसऱ्या रीतीनेही हाच ऱ्य उमटतो, आणि तो मात्र युनिकोडच्या हिशोबातही निराळा. एकेका डिस्कचे नियम मी किती पाठ करणार? उलट माझ्या लिनक्सवर ज्या खरंच दोन आहेत, त्यांना मी उगाच एक ठरवत होतो.

तुला एसटीचं उदाहरण देतो. खिडकीतून जागा रिकामी दिसते, म्हणून आपण गर्दीतून दाराशी जातो, चढतो, आणि तोवर तिथे कुणीतरी टोपी सावरून बसलेलं असतं. मी फाईल उघडायच्या आधी यादीत बघत होतो ते हे खिडकीतून बघणं. हवा होता रुमाल: टाकला की जागा आपली, आणि आधी कुणाचा पडलेला असेल तर तिथल्या तिथे कळणार. पायथॉनमध्ये ३.३ पासून तो आहे. 'डब्ल्यू'च्या जागी 'एक्स' लिहायचं. फाईल नसेल तर ती बनते, असेल तर चूक म्हणून परत येते, आणि आहे की नाही हे डिस्क तिच्या स्वतःच्या नियमाने ठरवते. एक अक्षर बदललं, पक्या. यादीचा कोड उडवला, जवळजवळ चाळीस ओळी. वेग कमी झाला असेल तर मला तरी कळला नाही.

तरी रात्री अडीचपर्यंत जागाच होतो, कारण एक्सने नवीन भानगड केली. डिस्क मध्येच भरली तर अर्धवट फाईल त्या नावाने तशीच पडते, आणि दुसऱ्या खेपेला प्रोग्रॅम तिलाच "आधीपासून आहे" म्हणून मान देतो. म्हणून आता प्रत आधी तात्पुरत्या नावाने होते, पूर्ण झाली की खऱ्या नावाची हार्डलिंक, म्हणजे त्याच फाईलला दुसरं नाव, जोडायची आणि तात्पुरतं नाव पुसायचं. लिंकही रुमालासारखीच, नाव आधी असेल तर जोडली जात नाही. मजा म्हणजे जुन्या युनिक्समधली फाईल हलवायची एमव्ही आज्ञा अशीच चालायची, आधी लिंक, मग जुनं नाव काढायचं. रिनेम नावाची सोय १९८३ साली युनिक्सच्याच ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली, आणि ती तर समोरची फाईल न विचारता बदलते. तुझ्या पेनड्राइव्हवर एक्सफॅट ही आणखी वेगळी पद्धत आहे, तिच्यावर हार्डलिंक चालत नाही, तिथे थेट एक्स वापरतो आणि बिघडलं तर अर्धवट फाईल उडवतो. फार देखणं नाही.

चाचणीसाठी मॅकवर पन्नास एमबीची एचएफएस प्लसची डिस्क इमेज बनवून तिच्यात तुझी सातही नावं टाकून ठेवलीत. यापुढे एकही बदल त्यांच्यावरून गेल्याशिवाय बाहेर पडणार नाही. शेवटी आता मोजणीही होते: आधी किती, आल्या किती, झाल्या किती.

आता फोटो. दऱ्या आणि कऱ्हा पेनड्राइव्हवर होते, सहाच्या सहा तुझ्या फोल्डरमध्ये परत ठेवलेत. पायऱ्या-१ तिथे नाही. लग्नानंतर जेजुरीला वहिनींना उचलून तू पाच पायऱ्या चढलास, तो. तू तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत माझ्या फोनमध्ये सापडली, पण लहान आहे. मोठी केली की तुझा घामच तेवढा स्पष्ट दिसतो. तो फोटो तुझ्या त्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेला ('कॅमेऱ्या'तही आहेच तो). त्याचं कार्ड माळ्यावरच्या खोक्यात असेल तर शोध. सापडलं तर कॅमेऱ्यात घालू नकोस, नवीन फोटो काढू नकोस, तसंच कागदात गुंडाळून ठेव. पुसलेलं असलं तरी वर काही लिहिलं गेलं नसेल तर निघण्याची आशा आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. तोवर वहिनींना काही बोलू नकोस, मी आल्यावर मीच सांगतो.

तुझाच,
हलव्या