चि. ओंकारला, बेसबॉल कोचिंगच्या नोकरीबद्दल

सॅन होजे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

"खेळणं जमलं नाही म्हणून आता शिकवायला निघालाय," हे बाबांचं बोलणं तुला लागलं, ते कळलं. बाबांचं मी बघते. तू आपल्याच गावच्या डेव्ह रिगेटीकडे बघ.

1981 साली यांकीज संघाचा हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. 4 जुलै 1983 ला यांकी स्टेडियमवर रेड सॉक्स संघाला त्याने एकही हिट दिली नाही, म्हणजे कुणालाच फटका मारून बेस गाठू दिला नाही. शेवटी त्यांच्या वेड बॉग्जला तीन स्ट्राइकवर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट केलं. अशा स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, कुणी हात लावेल? पण शेवटी येऊन सामना संपवणारा गूस गॉसेज संघ सोडून गेला आणि 1984 पासून रिगेटीची रवानगी बुलपेनमध्ये, म्हणजे मागाहून येणाऱ्या रिलीव्हर पिचरांत झाली. त्यावरून तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला विचारशील तर यांकीजनी हातचा चांगला स्टार्टर घालवलाच. तरी 1986 मध्ये त्याने 46 सेव्ह केले, म्हणजे तितक्या सामन्यांत शेवटी येऊन संघाची आघाडी राखली. तेव्हाचा तो विक्रम होता.

तुलाही दुसऱ्या वर्षी बुलपेनमध्ये धाडलं होतं. किती धुसफुस केलीस! पण मी डबा घेऊन कुंपणापाशी बसायचे ना, तेव्हा तुझी बडबड ऐकू यायची. "याचं कोपर खाली यायला लागलंय, आता याचा चेंडू वर राहणार." दोन बॅटर गेले की खरोखरच एखादा वरचा चेंडू फटकावला जायचा. स्टार्टरला स्वतःच्या सामन्याबाहेरचं फारसं दिसत नाही. रिलीव्हर मात्र बोलावण्याचा फोन वाजेपर्यंत दुसऱ्याचीच पिचिंग बघत बसतो. कधी हात गरम करून उभा राहतो आणि बोलावणं येतच नाही. ही सगळी कोचचीच उमेदवारी, असं मला वाटतं.

रिगेटी 2000 ते 2017 सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाचा पिचिंग कोच होता. डस्टी बेकर, फेलिपे आलू, ब्रूस बोची असे मॅनेजर बदलले, हा टिकला. 2010, 2012, 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदं, संघाने जिंकली. 2012 मध्ये संघाच्या मॅट केनचा परफेक्ट गेम झाला, म्हणजे त्याने एकालाही बेसवर पोचू दिलं नाही, तेव्हाही पिचिंग कोच हाच.

मला त्याच्या काळातलं सगळ्यात आवडतं ते टिम लिन्सकम या पिचरचं प्रकरण. एवढासा अंगाचा पोरगा, त्यात ती लांबलचक ढांग आणि पिळवटलेली पाठ. बाकीचे संघ बिचकले होते. ती पद्धत त्याला वडिलांनी शिकवलेली. जायंट्सनी ती तशीच राहू दिली. 2008 आणि 2009, लागोपाठ दोन साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार! नवा कोच आला की आधी पोराची ॲक्शन बदलायला धावतो. तू तसं करू नकोस. टाकणाऱ्याचं दुखत नसेल आणि चेंडू हवा तिथे पडत असेल, तर गप्प बसायला शीक. तुझ्यासारख्या बोलक्याला ते जड जाईल म्हणा.

नोकरी घे, असंच माझं मत. पण होकार देण्याआधी दोन गोष्टी विचार. पोरांनी किती पिच टाकायच्या, हे ठरवताना तुझं ऐकणार का? आणि उन्हाळ्यात पगार चालू राहतो की मोसमापुरताच? दुसऱ्याचं उत्तर लेखी घे. बाबांना तो आकडा तूच फोन करून सांग, मी मध्ये पडणार नाही.

तुझी,
आई