वॉशिंग मशीन वगळून कसला दुरुस्तीचा हक्क? केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

जुलै 2022 मध्ये आपल्या खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं यांच्या जोडीला घरातली उपकरणंही यादीत होती. सप्टेंबर 2024 मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण ठरवण्यासाठी, दुसरी समिती नेमलीत. मे 2025 मध्ये तिचा अहवाल आला, तो मोबाइल आणि टॅबलेटपुरता. मग वॉशिंग मशीन, टीव्ही, मिक्सर गेले कुठे?

आम्ही घरगुती उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर. आमच्या टेबलावर रोज काय येतं ते सांगतो. पावसाळ्यात लाइनचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला की घरात 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब चढतो. वॉशिंग मशीनच्या पीसीबीवरचा (आतल्या सर्किट बोर्डावरचा) व्हॅरिस्टर, म्हणजे जादा दाब स्वतःवर घेणारा पार्ट, फुटतो, फ्यूज उडतो. बाकीचं सर्किट वाचावं म्हणूनच ते दोघं तिथे बसवलेले असतात. दोन्ही मिळून पन्नास रुपयांच्या आतला माल. ते काढायचे, त्यांच्यापुढचे पार्ट (ब्रिजचे डायोड आणि पॉवर आयसी) शॉर्ट नाहीत ना हे मीटरवर बघायचं, त्याच रेटिंगचे नवे पार्ट टाकायचे आणि 100 वॅटच्या सिरीज बल्बवर, म्हणजे वाटेत जोडलेल्या बल्बमधून, सप्लाय द्यायचा. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर पुढे जायचं.

पण हे करणार कसं? अख्खा पीसीबी राळेत, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बुडवलेला! ओल आणि झुरळांपासून बचाव, हे कंपन्यांचं कारण खरं आहे. मग फ्यूज आणि व्हॅरिस्टर तेवढे राळेबाहेर ठेवायला कोणी अडवलंय? कडक राळ हीट गनने मऊ करून खरवडताना तांदळाच्या कणीएवढा रेझिस्टर तिच्याबरोबर उपटून येतो. तो किती ओहमचा होता हे सांगणारं सर्किट डायग्राम कंपनी देत नाही. मग ग्राहकाला एकच उत्तर: पूर्ण पीसीबी बदला, काही हजार मोजा. मॉडेल जुनं असेल तर "पार्ट बंद झाला."

युरोपात मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे पार्ट 10 वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये त्याच वर्षीपासून मशीन किती दुरुस्त होऊ शकतं याचे गुण दुकानातच दिसू लागले; 2025 पासून त्यांच्या जागी टिकाऊपणाचे गुण आले, त्यात दुरुस्तीही धरलेली असते. आपल्याकडे फ्रिजवर विजेचे स्टार छापता येतात, मग दुरुस्तीचे गुण का नाहीत?

आणि सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एसीवरचा, मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणलात. दुरुस्तीवर मात्र 18 टक्के तसाच. तो विषय अर्थखात्याचा, असं म्हणून हात झटकू नका, सरकार एकच आहे. नवं घ्या, जुनं भंगारात टाका, हेच सरकारचं धोरण असेल तर तसं उघड सांगा.

नसेल, तर घरातली उपकरणं दुरुस्ती निर्देशांकात घ्या. सर्किट डायग्राम आणि पार्ट बाहेरच्या कारागिरालाही विकत मिळतील असा नियम करा. राळेबाहेर फ्यूज सक्तीचा करा. आणि या तिन्हींची तारीख आम्हाला लेखी कळवा.

आपले,
घरगुती उपकरणं दुरुस्त करणारे कारागीर,
तपकीर गल्ली, पुणे