काका, तुमची ०.३५ ची पट्टी अजून आमच्याकडेच आहे

नाशिक

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

मेन रोडमागच्या बोळात, जिन्याखालच्या टेबलावर तुम्ही तबल्याला पुडी चढवता, पेट्यांचे सूर लावता, आणि मधल्या वेळात बेस गिटारींवर हात फिरवता. आम्ही बेसचं परीक्षण लिहितो. त्या लिखाणात जिथे जिथे आकडा येतो, तिथे तो तुमच्या टेबलावरून उचललेला असतो. नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण आभार उघड मानायला तुम्ही मनाई केलेली नाही.

पहिले आभार एका प्रश्नाचे. दुकानाच्या भिंतीवरून काढलेला बेस दोन मिनिटं वाजवून कुणी ‘आवाज बसका आहे’ म्हणालं, की तुम्ही विचारायचात, ‘न लावलेला तबला ऐकून त्याची जात ठरवतो का कुणी?’ तेव्हापासून सेटअप, म्हणजे वाद्य मोजूनमापून नीट लावणं, केल्याशिवाय आम्ही कुठल्याही बेसबद्दल एक ओळ लिहीत नाही. यामुळे कितीतरी स्वस्त बेसची अब्रू वाचली, आणि दोन-तीन महागड्यांची गेली.

सेटअपचा क्रम तुम्ही कधी मोडू दिला नाहीत. नव्या तारा, सुरात लावणं, नेकचा म्हणजे मानेचा बाक, नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी), तारांची उंची, इंटोनेशन (मानेवर वरपर्यंत स्वर खरा लागणं), शेवटी पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक). बाक बदलला की उंची बदलते. उंची बदलली की तार दाबताना कमीजास्त ताणली जाते आणि इंटोनेशन हलतं. उलट्या टोकानं सुरुवात केली तर तेच काम तीनदा करावं लागतं. तारा घालण्यातही तुमची एक अट असायची: जाड तार आधी काटकोनात वाकवायची, मगच कापायची. सरळ कापली तर गाभ्यावरचं वेटोळं सैल पडतं आणि कोरी करकरीत ई तार, म्हणजे चारांतली सर्वांत जाड, पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटीमीटर जादा ठेवली की दोन-तीन वेढे नीट बसतात, तेही वरून खाली, म्हणजे तार नटवर दाबून राहते.

मग बाक. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर तार बोटानं दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमधली फट मोजायची. ताणलेली तार हीच तुमची सरळ पट्टी. फेंडर या गिटार कंपनीच्या मापानं, फिंगरबोर्डची (नेकवरच्या, बोटं टेकतात त्या फळीची) गोलाई ७.२५ इंच असेल तर ही फट ०.३५ मि.मी. आणि ९.५ ते १२ इंच असेल तर ०.३ मि.मी. मोजायला लागतो फीलर गेज, ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, गॅरेजवाला टॅपेट लावतो तोच. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या गावात त्यासाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही, हे तुम्ही हसत हसत सांगायचात.

ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की नेक मागे जातो आणि फट कमी होते. एका वेळी पाव फेराच, पुन्हा सुरात लावायचं, थोडा वेळ थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास असतो, लाकडाला तो मानवायला वेळ लागतो. आणि चावी बघूनच घालायची. तीन-सोळांश इंच म्हणजे ४.७६ मि.मी. त्यात ५ ची ॲलन की जात नाही, ४.५ ची जाते आणि कोपरे खाऊन टाकते. गोल झालेला ट्रस रॉडचा नट काढणं हे मूळ दुरुस्तीच्या दसपट काम आहे. तुमच्याकडे येणाऱ्या बेसपैकी किती याच कारणानं येतात, ते तुम्हीच जाणता.

हे माप एकदा घेऊन भागत नाही, कारण आपली हवा. एप्रिल-मेमध्ये नाशिक कोरडंठाक, जुलैत भिंतींना ओल, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून येणारा गारठा. नेकचं मेपल आणि वर चिकटवलेलं रोजवुड सारख्या प्रमाणात फुगत-आटत नाहीत, म्हणून बाक हलतो. कुठल्या बाजूला हलेल ते प्रत्येक लाकडाचं वेगळं असतं, तेव्हा अंदाज करायचा नाही, मोजायचं. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड रुंदीत आटतो पण धातूचे फ्रेट आटत नाहीत, मग त्यांची टोकं कडेला बाहेर येऊन तळव्याला खरवडतात. नवशिका याला कंपनीची घाणेरडी कारागिरी म्हणतो. ‘पावसाळा येऊ दे, मग कानशीला हात घाल’, हा तुमचा सल्ला आम्ही परीक्षणात शब्दशः वापरला आहे.

नटचं माप लोक विसरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघायचं. जाड कागद जाईल एवढीच हवी. नट उंच राहिला तर मोकळी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटचा स्वर चढा, असा विचित्र प्रकार होतो, आणि बिचारा वाजवणारा ट्यूनरला दोष देत बसतो.

उंची सतराव्या फ्रेटवर: ई तारेखाली २.४ मि.मी., सर्वांत बारीक जी तारेखाली २ मि.मी. ही सुरुवात, पुढे हात जड की हलका त्याप्रमाणे. खरखर कुठे येते त्यावरून आजार कळतो. पहिल्या चार-पाच फ्रेटवर आली तर बाक कमी पडलाय. बाराव्याच्या वर आली तर उंची कमी आहे किंवा नेकचा कोन चुकलाय. एकाच ठिकाणी आली तर पुढचा फ्रेट उठलाय. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवायची, डुगडुगली की मधला उंच. शेवटी इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसत्या स्पर्शानं काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर जुळायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमधला तारेचा टेकू, मागे, उतरलेला असेल तर पुढे. जुन्या तारांवर हे करत बसणं म्हणजे वेळ फुकट.

आता ज्या गोष्टीसाठी तुमच्यावर चिडलोही होतो, ती. तारा जितक्या खाली तितका बेस चांगला, असं आम्ही बराच काळ लिहीत होतो. तुम्ही फक्त ‘जेमरसन ऐका’ म्हणालात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसनच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर तारा उंच होत्या, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत), तुटल्याशिवाय न बदललेल्या, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि सगळं वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट. आमच्या निकषांवर तो बेस दहापैकी तीन गुणांचा! आणि त्याच बेसवर मोटाउनचं निम्मं जग उभं आहे. मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) चं शीर्षकगीत हेडफोनवर ऐकताना कळतं की त्या उंच, मेल्या तारांमुळेच प्रत्येक स्वर ठोक लागतो आणि लगेच जागा मोकळी करतो, म्हणून एवढी धावपळ करूनही बेस गायकाच्या पायात येत नाही. त्या अल्बमवरचा सगळा बेस जेमरसनचा नाही, ‘मर्सी मर्सी मी’ आणि ‘इनर सिटी ब्लूज’ बॉब बॅबिटचे, ही आमची चूकही तुम्हीच काढलीत. मोटाउन आपल्या वादकांची नावं कव्हरवर छापत नसे. या अल्बमवर ती छापली गेली.

तिथून आमची परीक्षणं बदलली. ‘चांगला बेस’ असं सुटं काही लिहायचं नाही, कशासाठी चांगला ते लिहायचं, आणि त्यासाठी एक अल्बम पुढे ठेवायचा. कॅरोल के बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) वर प्लेक्ट्रमनं (बोटांऐवजी छोट्या पात्यानं) वाजवतात, तारांवर फेल्टचा तुकडा, आणि कित्येक ठिकाणी लाइल रिट्झचा उभा डबल बेस सोबतीला: एक टोक देतो, दुसरा पोट. हा आवाज हवा असेल तर नवा पिकअप घेण्याआधी ब्रिजपाशी स्पंजची पट्टी सरकवून बघा, दहा रुपयांत काम होतं. बर्नार्ड एडवर्ड्सचा म्युझिक मॅन स्टिंगरे बेस शिक बँडच्या ‘रिस्के’ (१९७९) वर ऐकला की ॲक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे बेसच्या आतच बसवलेला छोटा अँप, कशासाठी असतो ते कळतं. त्याला लागते ९ व्होल्टची बॅटरी, आणि केबल खुपसलेली राहिली की ती रात्रभर जळत राहते. आवाज चिरकायला लागला तर आधी बॅटरी बदला, मग बेसला शिव्या घाला.

जाको पास्टोरियसचा १९७६ चा पहिला अल्बम ऐकून अनेक जण पकड घेऊन फ्रेट उपटायला निघतात. उपटण्याआधी एवढं लक्षात घ्या: त्याच्या जॅझ बेसच्या (फेंडरचाच दुसरा प्रकार) फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ती इपॉक्सी चढवलेली होती, कारण राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या, खरखरीत) तारा उघडं रोजवुड कानशीसारखं खातात. इपॉक्सी नसेल तर फ्रेटलेसवर, म्हणजे बिनफ्रेटच्या बेसवर, फ्लॅटवाउंडच. फ्रेटलेसचं दुसरं तोंड पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ (१९८६) मध्ये आहे. बकिथी कुमालोची ‘यू कॅन कॉल मी अल’ मधली ती झरकन उतरणारी सरगम: पहिला अर्धा भाग त्यानं वाजवला, दुसरा अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली. ती हुबेहूब वाजवण्याच्या खटाटोपात ज्यांची बोटं सुजली, त्यांनी हे आधी वाचायला हवं होतं.

बॉब मार्लीच्या ‘एक्झोडस’ (१९७७) वरच्या ॲस्टन बॅरेटसाठी तुम्ही वेगळी भाषा वापरलीत. रेगेच्या वन ड्रॉप तालात ड्रमवाला पहिली मात्रा मोकळी सोडतो. ‘सम रिकामी आहे, आणि तरी कुणी चुकत नाही, का? कारण खर्ज कुठे बोलायचं नाही ते जाणतो.’ हे ऐकायला मोबाइलचा स्पीकर चालत नाही. ई तार मोकळी वाजते ४१ हर्ट्झला. त्या चिमुकल्या स्पीकरमधून मूळ स्वर बाहेर पडतच नाही, कान वरच्या उपस्वरांवरून तो कल्पनेनं भरून काढतो. पाच तारी बेसची बी तार तर ३१ हर्ट्झच्या किंचित खाली. आठ इंची स्पीकरच्या घरगुती अँपवर तिची पारख करून ‘पाचवी तार फुसकी’ लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो.

आपल्याकडच्या खर्जाबद्दलही तुम्ही कान धरलात. पंचमदांच्या ताफ्यातले टोनी वाझ, रहमानबरोबर वर्षानुवर्षं वाजवणारे कीथ पीटर्स, आजची मुंबईची मोहिनी डे: गाणी तोंडपाठ आणि ही नावं माहीत नाहीत, असं निदान बेसबद्दल लिहिणाऱ्याचं चालणार नाही.

परीक्षणात कुणी लिहीत नाही ती गोष्ट म्हणजे मेलेली जागा. फेंडरच्या घडणीच्या बहुतेक बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, कारण नेक नेमका त्याच कंपनाला थरारतो आणि तारेची ताकद पिऊन टाकतो. सेटअपनं हे जात नाही. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं तर जागा सरकते, एवढंच. आता आम्ही प्रत्येक फ्रेट घड्याळ लावून ऐकतो आणि विझणारा स्वर कुठला ते छापतो. विक्रेत्यांना हे आवडत नाही.

विजेचं थोडक्यात. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की घरघर एकमेकांना खोडते, एकच उघडला की येते. तो दोष नव्हे. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे, आतून तांब्याची पट्टी चिकटवा. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटली असेल. आणि मांडवात घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन कुणी काढत असेल तर बेस खाली ठेवून घरी जायचं, यावर तुमचा आवाज चढलेला आम्ही पहिल्यांदा ऐकला. नाशिक ढोलाच्या साथीला वाजवायचं तर खालच्या पट्टीत त्याच्याशी भांडायचं नाही: एक सप्तक वर जायचं, अँपवरचा मिड ८०० हर्ट्झच्या आसपास उचलायचा आणि बेसचा खटका गर्दीतून ऐकू येऊ द्यायचा.

तर काका, हे सगळं तुमचं. तुमच्या गेजमधून सुटलेली ०.३५ ची पट्टी गेल्या खेपेच्या जॅझ बेसच्या केसमध्ये सापडली आहे. तेवढ्यात ती अर्ध्या गावाचे नेक मोजून आली. मंगळवारी आणून देतो, आणि सोबत तो फ्लॅटवाउंडचा संचही, जो ‘पैसे घेतले तरच ठेवीन’ म्हणालात.

आपले,
खर्जातली मंडळी