पाकीट परत गेलं, नोटीस पोचली

महाल, नागपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर दारात पोस्टमन. नवीन पोरगा आहे, पण मला ओळखतो. म्हणाला, "काका, बँकेचं दिसून राहिलं, सही लागते." मोबाइलच्या काचेवर बोटानं सही केली आणि पाकीट घेतलं. तुझ्या बेसाच्या फ्लॅटची नोटीस. सहकर्जदार म्हणून माझं नाव आहे ना, म्हणून एक प्रत मला.

मग बत्तीस वर्षांची खोड. पाकिटावरच्या नंबराच्या पुढचा नंबर पोस्टाच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. एका ठिकाणाहून निघालेली टपालं बहुतेक लागोपाठच्या नंबराची असतात. तुझं पाकीट निघालं. मंगळवारी तुझ्या दारापर्यंत जाऊन आलेलं, पुढे शेरा: घेण्यास नकार.

बाबू, तू पोस्टमनचा पोरगा आहेस रे.

नंदनवनच्या बीटवर एक गृहस्थ होते. बँकेचं रजिस्टर टपाल घेऊन गेलो की त्यांची बायको म्हणायची, ते गावी गेले. दारात त्यांच्या चपला, आत खोकल्याचा आवाज. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, वापस पाठवून द्या ना, मला भेटलंच नाही म्हणून लिहा." मी तसं लिहिलं नाही, नकार म्हणून लिहिलं. त्यांना वाटायचं, कागद हातात घेतला नाही तर तो लागू होत नाही. कायद्यात उलटं आहे. बरोबर पत्त्यावर आलेलं टपाल नाकारलं तर ते मिळालं असंच धरतात. पुढं काही महिन्यांनी त्यांच्या दारावर लेईनं चिकटवलेला कागद पाहिला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे विजेचं बिल द्यायला गेलो होतो. ते दार उघडून उभे होते आणि मला म्हणाले, "आता काय करायचं सांगा." मला तेव्हा काही सांगता आलं नाही.

या वेळी मी वाचून घेतलं. शुक्रवारी एका ओळखीच्या वकिलाकडे बसलो, दीड तास. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजावा लागला.

ऐक. ही नोटीस सरफेसी कायद्याची, २००२ चा, म्हणजे तारण ठेवलेलं घर बँकेला कोर्टात न जाता विकून कर्ज वसूल करता येतं तो कायदा. कलम १३(२). हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे अनुत्पादक कर्ज ठरतं, मग बँक ही नोटीस काढते. यात ६० दिवस असतात आणि ते नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आपण पाकीट उघडल्यापासून नाही. तारीख ३ नोव्हेंबर आहे. म्हणजे २ जानेवारी. तेरा दिवस तर गेलेही, त्यातले काही तू दार लावून घालवलेस.

त्यात २४ लाख ६२ हजार लिहिलेत. तो आकडा पाहून तुझे हातपाय गळाले असतील. माझेही गळाले होते. पण तो सगळ्या कर्जाचा आकडा आहे, या नोटिशीत बँक पूर्ण कर्जच मागते. तुझी थकबाकी वेगळी. जून ते नोव्हेंबर सहा हप्ते, २४,३०० प्रमाणे १,४५,८००. वर हप्ता परत गेल्याचे आणि दंडाचे चार्जेस. दंडावर व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेनं २०२४ पासून बंदी केली आहे, ते त्यांनी पाळलं का ते बघायचं. दीड लाख हे आपल्या आवाक्यातलं दुखणं आहे, मंगेश. चोवीस लाख नाही. सगळी थकबाकी भरली तर खातं परत सुरळीत करता येतं. बँकेनं पुढची कारवाई थांबवावी असं तिच्यावर बंधन नाही, पण पैसे येत असतील तर घर विकण्याची खटपट बँकेलाही नको असते. एखादा हप्ता भरून मात्र काही होत नाही, खातं एनपीएतच राहतं. म्हणून ऑगस्टमध्ये तू एक हप्ता भरू का म्हणून विचारलं होतंस, तेव्हा मी हो म्हणालो ते चुकलंच. मला तेव्हा आधीचे किती राहिले ते माहीतच नव्हतं, तूही बोलला नाहीस.

बुटीबोरीतली नोकरी गेली तेव्हा तू घरी आलास, दोन तास बसलास, तर्री पोहे खाल्लेस आणि गेलास. प्रणालीला सांगितलं होतंस का तेव्हा? मला वाटतं नाही. ती मागे एकदा आईला फोनवर म्हणाली, "हे रात्री झोपत नाहीत." आईनं मला तेवढंच सांगितलं, आणि गुरुवारी पाकीट आल्यावर सगळं जुळलं. आईलाही दाखवलं. ती रडली नाही. पहिला प्रश्न, "पिहूची शाळा चालू आहे ना?" दुसरा, "मग हा हप्ता भरायला कुठून कुठून पैसे घेऊन राहिला?"

तेच मी विचारतो. मोबाइलमधल्या त्या पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्यांकडून घेतलंस का? खरं सांग. घेतलं असेल तर त्याचा हिशेब आधी करू. कोणी वसुलीवाला येत असेल तर त्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता उत्तराचं. हे महत्त्वाचं आहे आणि हेच लोक सोडतात. नोटिशीला लेखी म्हणणं मांडायचा आपल्याला हक्क आहे, कलम १३(३अ). आपण लिहिलं की बँकेनं १५ दिवसांत कारणासकट उत्तर द्यायलाच पाहिजे. आपण गप्प बसलो तर बँकेला बोलायचं काही कारणच नाही. पत्र शाखेतल्या साहेबांच्या नावानं नाही, नोटिशीखाली सही केलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावानं. एक प्रत पोचेसकट टपालानं, एक हातोहात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का. शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. पोच नसलेलं पत्र मी आयुष्यभर खूप बघितलं, त्याला कोणी विचारत नाही.

लिहायचं काय, ते मी कच्चं केलं आहे. दया करा, घर वाचवा असं नाही. नोकरी कधी गेली, हिंगण्याला नवीन कधी लागली, पगार किती, आज किती भरतो, बाकी किती हप्त्यांत भरतो. आणि कर्जाचा सुरुवातीपासूनचा उतारा मागायचा, व्याजदर कधी किती होता त्यासकट. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. तेव्हा बँकेनं तुझा हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवली होती, तू मला मजेत सांगितलंस, "बाबा, हप्ता वाढलाच नाही." यंदा फेब्रुवारीपासून जूनपर्यंत तोच दर साडेपाचवर आला. तो उतार तुझ्या खात्याला लागला का? तेही विचारायचं, पण भांडण म्हणून नाही.

हे सगळं फसलं तर काय होतं, तेही लपवत नाही. साठ दिवसांनंतर बँक सांकेतिक ताबा घेऊ शकते, म्हणजे दारावर नोटीस आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक आपल्या भाषेतलं. तो दारावरचा कागद. घरातून बाहेर काढायला मात्र त्यांना सहसा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, ते इथं नागपुरातच आहे. साध्या दिवाणी कोर्टात हे चालत नाही. म्हणून "स्टे आणून देतो, पन्नास हजार द्या" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला आधी विचार, कुठून आणतोस. लिलावाची जाहिरात निघण्याआधी सगळे पैसे भरले तर घर सुटतं, त्यानंतर तो हक्क उरत नाही.

आणि एक. तू कदाचित मनात ठरवलं असशील की फ्लॅट गुपचूप विकून मोकळा होऊ. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. कोणाकडून इसार घेऊ नको, एक रुपयाही. विकायचंच ठरलं तर बँकेला सांगून, तिच्या संमतीनं, आपण गिऱ्हाईक आणून विकू. लिलावात आपल्याला हवी ती किंमत मिळण्याची आशा नसते. आणि किंमत कर्जापेक्षा कमी आली तर उरलेलं आपल्याच अंगावर राहतं. मला फ्लॅटची तेवढी माया नाही. बाल्कनीतून काय दिसतं? दुसऱ्याची बाल्कनी. पण ते तू आणि प्रणालीनं ठरवायचं, बँकेनं नाही.

पोस्टातली माझी एक लाखाची टाइम डिपॉझिट मोडतो. थोडं व्याज जाईल, जाऊ दे. आई तिची पाटली काढायला निघाली होती, मी थांबवली, ती शेवटची. महालाचं हे घर मात्र मी मध्ये आणणार नाही. यात तुझ्या ताईचाही वाटा आहे, आणि तिला न विचारता काही करायचं नाही. तुला हे कठोर वाटेल, पण ते मी आत्ताच सांगून ठेवतो, नंतर नाही. बाकी पंचेचाळीस हजार आठशे आणि चार्जेस तू कुठून आणतोस ते मांड, मग बघू. गाडी विकायची वेळ आली तर विकू. पिहूला शाळेत मी सोडीन, सायकल अजून चालते.

शनिवारी सकाळी दहापर्यंत ये. प्रणालीलाही घेऊन ये, लपवून काही नको. कर्जाचा करार, मंजुरीचं पत्र, वर्षभराचं बँकेचं स्टेटमेंट, नवीन नोकरीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत. फाइल नीट लावलेली नसली तरी चालेल, लावायला मी आहे. आईनं सांबारवड्या करायचं ठरवलं आहे. दुपारपर्यंत पत्र पक्कं करू, सोमवारी सकाळी बँकेत.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. आज संध्याकाळी तुझ्या दारात येऊन देईन. तू आत असशील तर दार उघड.

तुझा,
बाबा