कासवाचे पुस्तक मोबाइलवर आणताना

संपादक महाशय,
मुलांच्या वन्यजीवविषयक चित्रपुस्तकांची मोबाइल अ‍ॅप निघावीत, पण पानांचे फोटो चिकटवून त्याला अ‍ॅप म्हणू नये. मंडणगड तालुक्यातल्या वेळासची ऑलिव्ह रिडले कासवे घ्या. अंड्यांतून साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि रात्री उजळ दिसणाऱ्या समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर बल्ब पेटलेला असला की ती वाट चुकतात. पुस्तक हे चार ओळींत सांगते. अ‍ॅपमध्ये मूल स्वतः दिवा विझवून बघेल! मात्र ते इंटरनेटशिवाय चालावे (आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही) आणि जाहिराती मुळीच नकोत. सध्या नातवाला कासवाआधी टूथपेस्ट बघावी लागते.
– एक आजोबा, दापोली