समेला उशीर

नौपाडा, ठाणे

प्रिय सुध्या,

चार महिने पत्र नाही, आणि सांगायला सबबही नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझा खोकला गेला.

परवा तालमीत माझा बासरीचा आलाप रंगला आणि पडद्यावरचं चित्र पुढे निघून गेलं. फिल्म 7 मिनिटांची, आलाप 11 मिनिटांचा. तलावपाळीवर तू म्हणाला होतास, यंत्र वाट बघत नाही. तेव्हा मी केवढा चिडलो होतो!

आता ती फिल्म काढून टाकली. त्याऐवजी 40-40 सेकंदांचे तुकडे, शेवट सुरुवातीला जोडून गोल फिरणारे. एकातून दुसऱ्यात विरघळायला 6 सेकंद. दोन्ही हात बासरीवर आणि मांडी घातलेली, म्हणून पायाचं पेडल डाव्या गुडघ्याच्या बाहेर फळीवर पक्कं चिकटवायचं. गुडघा टेकला की पुढचा तुकडा. षड्ज मनासारखा लागेपर्यंत पहिलाच फिरत राहतो. पडद्यावरचा उजेड माइकमधल्या आवाजावर कमीजास्त होतो. तो चढायला पटकन, पण उतरायला निदान दीड सेकंद हवा, नाहीतर प्रत्येक गमकेला पडदा फडफडतो. नुसत्या फुंकरीचा वारा त्यात येऊ नये म्हणून 200 हर्ट्झच्या खालचं कापायचं. पांढरी तीनच्या, म्हणजे ई पट्टीच्या, बासरीला त्याखाली काही नाही.

गतीचं दुखणं वेगळं. तीनताल 16 मात्रांचा, मिनिटाला 120 मात्रा, म्हणजे आवर्तन 8 सेकंदांचं. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये 4 बारचं क्वांटायझेशन लावलं, म्हणजे बदल दर 16 मात्रांनीच होऊ दिला, की गुडघा कधीही टेकवा, बदल समेवरच, पहिल्या मात्रेलाच येतो. पण प्रोजेक्टर 3 फ्रेम मागे असला तर 60 फ्रेमच्या हिशेबात 50 मिलिसेकंदांचा उशीर. सम कानाला आधी, डोळ्याला नंतर! बासरी मागे ढकलता येत नाही, म्हणून चित्राची आज्ञाच 50 मिलिसेकंद आधी सोडायची. तिरकं चित्र सरळ करणारा कीस्टोन न वापरता प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ मांडला तर उशीर थोडा घटतोही.

चार कोपऱ्यांतल्या स्पीकरपैकी मागच्या दोघांत फक्त तंबोरा आणि पाण्याचे आवाज. तिथे बासरी सोडली की माइक ती पुन्हा उचलतो आणि शीळ घुमते.

आणि एसी! हवा 1 अंशाने गार झाली की बासरी साधारण 3 सेंट उतरते (100 सेंट म्हणजे एक सेमिटोन). 32 अंशांत जुळवलेला तंबोरा 24 अंशांत 24 सेंट चढा, म्हणजे सेमिटोनचा जवळजवळ पाव हिस्सा. फुंकरीच्या उबेनं थोडं सावरतं, पण रेकॉर्ड केलेला तंबोरा स्वतःहून उतरत नाही. म्हणून त्याची पट्टी एका नॉबवर घेतली आहे आणि एसी दोन तास आधी लावायचा.

वहिनींची बदली नेरूळलाच राहिली का? चिमीचं बारावीचं काय ठरलं? कळव.

खरं मागणं आता. तबल्याचा विकतचा ठेका लावून बघितला, त्यात जीव नाही. तलावपाळीवरच्या त्या भांडणात तू खरा होतास. तू वाजवून दे. तीनतालाची पाच वेगळी आवर्तनं, प्रत्येक बरोबर 8 सेकंदांचं, आणि तोच तुकडा तीनदा वाजून समेवर येणाऱ्या दोन तिहाया सुट्या. ती मी गुडघ्यानं हवी तशी बोलावीन. तबला पांढरी तीनला लाव. तबला आणि डग्गा वेगळ्या माइकवर घेऊ, म्हणजे एसीत बासरी उतरली तर तबल्याचीच पट्टी उतरवता येईल. कानात क्लिकची टिकटिक घेऊन वाजवावं लागेल. तुला ते अजिबात आवडत नाही, तरीही मागतोय.

रविवारी सकाळी माइक घेऊन तुझ्याकडे येऊ का?

तुझा,
बाळ्या